दात्याच्या पश्चात

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी ती कोरलेली आहेत. त्यांपैकी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी केलेल्या एका दानाची ती नोंद होय. त्या काळी राजपुरुषांनी गावेच्या गावे दान दिलेली आहेत, तेव्हा रकमेसाठी या लेखाकडे पाहण्याचे कारण नाही. पाहण्यासारखी आहे ती त्या दानाची रीत.

उषवदाताने ३,००० कार्षापण दिले. पण ते भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. जवळच गोवर्धन येथे विणकरांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, होत्या. त्यांपैकी एका श्रेणीकडे त्याने २,००० नाणी ठेवली, ती दरमहा दर शेकडा एक या व्याजाने; दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवली, ती दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, असा स्पष्ट करार होता. अशा ठेवीला त्या काळी ‘अक्षयनीवी’ असे सुंदर नाव होते. नीवी म्हणजे भांडवल. कधी न सरणारे भांडवल ती अक्षयनीवी. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. विद्यार्थिमित्रांनो, हा हिशेब तुम्ही करून पाहा. २,००० वर दरमहा २० नाणी व्याज, म्हणजे वर्षाची २४०. आणि २० भिक्षूंना बारा-बारा वाटली की तीही २४०. एक नाणे कमी नाही की जास्त नाही. हा सारा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर झाला, तेथील दप्तरी नोंदवला गेला आणि मग कातळावर कोरला गेला.

कातळावरचा लेख आजही वाचता येतो. श्रेणी मात्र केव्हाच मोडल्या, कार्षापण चलनातून गेले आणि वर्षावासासाठी त्या लेण्यात येणारे भिक्षूही राहिले नाहीत. उषवदाताच्या हेतूत खोट नव्हती आणि हिशेबात तर चूक नव्हतीच. परंतु दान देणारा आपल्या काळात जगतो आणि त्याचे दान पुढच्या काळात चालावयाचे असते. तो पुढचा काळ कसा असेल हे त्याला दिसत नाही. ज्या गरजेसाठी धन ठेवावे ती गरजच उरली नाही तर त्या धनाचे काय करावे? आणि ते ठरवावयाचे कोणी? हा प्रश्न नाशिकचा नाही किंवा भारताचाही नाही. जेथे जेथे माणसांनी आपल्या पश्चात दुसऱ्यांचे भले व्हावे म्हणून काही मागे ठेवले, तेथे तेथे तो उभा राहिलेला आहे.

बेंजामिन फ्रँकलिन याच्यासारख्या दूरदर्शी पुरुषालाही तो चुकला नाही. फ्रँकलिन १७९० साली वारला. आदल्या वर्षी मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड दिले होते. बॉस्टनला तो जन्मला, फिलाडेल्फियात तो मोठा झाला. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी पुरी केलेल्या, पंचवीस वर्षांखालील, विवाहित कारागिरांना स्वतःचा धंदा थाटण्यासाठी या पैशातून शेकडा ५ व्याजाने कर्ज द्यावे. दोन प्रतिष्ठित नागरिकांनी जामीन राहावे. कर्ज दहा वर्षांत फेडले जावे, अशी ती योजना होती. तरुणपणी छापखाना काढताना त्याला स्वतःला मित्रांनी असेच कर्ज दिले होते, त्याचे ते स्मरण. ही रक्कम चक्रवाढीने वाढत जाऊन १०० वर्षांनी आणि पुन्हा २०० वर्षांनी किती होईल याचे आकडेही त्याने मांडून ठेवले होते.

आकडे चुकले, आणि तेही ज्या कारणाने चुकले ते पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात कारखाने आले. उस्ताद आणि उमेदवार ही जोडीच नाहीशी होत चालली. फ्रँकलिनच्या अटींत बसणारे कर्जदार मिळेनात, मिळाले त्यांतील काहींनी पैसे बुडवले, आणि कारागिरांसाठी ठेवलेला पैसा गुंतवणुकीत पडून वाढू लागला. १९९० साली, २०० वर्षे भरली तेव्हा, बॉस्टनच्या निधीत सुमारे पन्नास लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाच्या निधीत वीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते. मूळ रकमेच्या मानाने ही वाढ थोडी नव्हे. पण ज्या तरुण लोहारासाठी किंवा सुतारासाठी फ्रँकलिनने पैसे ठेवले तो मध्येच इतिहासजमा झाला होता.

सेंट लुईस शहराचे उदाहरण याहून बोलके आहे. ब्रायन मुलानफी हा तेथील एक धनिक, काही काळ नगराध्यक्षही होता. तो १८५१ साली वारला. त्या दिवसांत पश्चिमेकडे वसाहत करण्यास निघालेली कुटुंबे या शहरातून पुढे जात. बैलांच्या छकड्यांतून महिनेन् महिने प्रवास, वाटेत आजार, जवळचे पैसे संपलेले, अशी त्यांची अवस्था असे. मुलानफीने हे रोज पाहिले होते. त्याने आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा, सेंट लुईसवरून पश्चिमेत वस्ती करण्यास जाणाऱ्या गरीब प्रवाशांच्या साहाय्यासाठी ठेवला. पुढे १८६९ साली पूर्व आणि पश्चिम किनारे रेल्वेने जोडले गेले. छकड्यांचे तांडे थांबले. पैसा उरला, प्रवासी उरले नाहीत. आणि त्या निधीचे काय करावे हा वाद विसाव्या शतकातही न्यायालयात चालू होता.

अशा प्रकारांना इंग्रजी कायद्यात एक भीषण वाटणारे नाव आहे: ‘मृत हात’. माणूस जातो, पण त्याचा हात मागे राहून जिवंतांच्या व्यवहारावर दाब देत राहतो, असा त्याचा भाव. आपल्याकडेही हा हात लहानमोठ्या रूपांत दिसतो. मी मुख्याध्यापक असताना एका शाळेच्या जुन्या नोंदवहीत मला एका बक्षीसनिधीची नोंद आढळली. मोडी लिपीत उत्तम अक्षर काढणाऱ्या विद्यार्थ्यास दरवर्षी बक्षीस द्यावे, अशी दात्याची अट होती. मोडी शाळेतून जाऊन कित्येक वर्षे लोटली होती. निधीचे व्याज इमानेइतबारे खात्यात जमा होत होते, आणि त्याच वर्गात फाटक्या दप्तराची मुले बसत होती. दात्याला हे आवडले असते काय? मला तसे वाटत नाही. पण त्याला विचारावे कसे?

क्लीव्हलंड हे अमेरिकेतील ओहायो राज्याचे, ईरी सरोवराच्या काठचे शहर. १९१० च्या खानेसुमारीत ते त्या देशातील सहाव्या क्रमांकाचे शहर ठरले होते. लोखंड-पोलादाचे कारखाने, बंदर, रेल्वे, आणि पोलंड, हंगेरी, इटली, स्लोव्हेनिया अशा दूरदूरच्या देशांतून पोटासाठी आलेली माणसे यांनी ते गजबजलेले होते. तेथे फ्रेडरिक गॉफ नावाचा एक वकील होता. शहरालगतच्या ग्लेनव्हिल या गावाचा तो काही काळ नगराध्यक्ष होता आणि तेथील घोड्यांच्या शर्यतींवरील जुगाराविरुद्ध झगडला होता. १९०८ साली तो ‘क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी’ या बँकेचा अध्यक्ष झाला. श्रीमंतांची मृत्युपत्रे सांभाळणे, त्यांच्या पश्चात त्यांच्या इच्छेप्रमाणे पैशाची व्यवस्था लावणे, हे अशा बँकेचे नित्याचे काम. मेलेल्यांच्या अटी जिवंतांना कशा अडवतात हे त्याला रोजच्या कागदपत्रांत दिसत असे. आपण ज्याला केवळ कारकुनी म्हणू, त्या कामातून त्याला एक कल्पना सुचली.

प्रत्येक दात्याने आपला वेगळा न्यास, वेगळे विश्वस्त आणि वेगळ्या अटी मागे ठेवण्याऐवजी, शहराचा मिळून एकच निधी असावा. त्यात लहानमोठ्या कोणीही भर घालावी. मुद्दल बँकेने सांभाळून गुंतवावे, आणि उत्पन्न कोठे खर्च करावयाचे ते त्या त्या काळातील नागरिकांच्या एका समितीने ठरवावे. दात्याने आपली इच्छा जरूर लिहून ठेवावी आणि समितीने ती पाळावी. परंतु काळाच्या ओघात ती निरर्थक, अशक्य किंवा हानिकारक ठरली तर तिच्यात बदल करण्याचा अधिकार समितीला असावा. २ जानेवारी १९१४ रोजी बँकेच्या संचालकांनी तसा ठराव केला आणि ‘क्लीव्हलंड फाउंडेशन’ ही संस्था जन्मास आली. जगातील अशा प्रकारची ही पहिली संस्था. इंग्रजीत अशा संस्थेस ‘कम्युनिटी फाउंडेशन’ म्हणतात. आपण तिला ‘लोकप्रतिष्ठान’ म्हणू.

खरी गोम समितीच्या रचनेत होती. सभासद पाच. त्यांपैकी दोन बँकेने नेमावयाचे, एक नगराध्यक्षाने, एक मृत्युपत्रांचे काम पाहणाऱ्या न्यायाधीशाने आणि एक केंद्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशाने. म्हणजे पैसा बँकेकडे असला तरी समितीत बहुमत बँकेचे नाही. सभासद शहराचे रहिवासी असावेत. शहराच्या गरजांची त्यांना जाण असावी. एकाच धर्मपंथाचे दोहोंपेक्षा अधिक सभासद कोणत्याही परिस्थितीत नसावेत. आणि जो राजकीय पदावर आहे किंवा त्या पदासाठी उभा आहे त्याला समितीत जागा नसावी. सभासद पुरुष असावेत अथवा स्त्रिया, असेही त्या ठरावात म्हटले होते. अमेरिकेत सर्वत्र स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९२० साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन शब्दांचे मोल कळते. वंश, वर्ण आणि पंथ यांचा भेद न पाहता शहरातील सर्वांच्या हितासाठी हे उत्पन्न खर्च व्हावे, असा हेतू नमूद केला होता. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या व्यवस्थेत बँकेचा स्वार्थ नव्हता काय? होता. ठेवी बँकेकडे येणार होत्या. मला त्यात वावगे दिसत नाही. विणकरांच्या श्रेणीलाही उषवदाताचे भांडवल धंद्यात वापरता येत होतेच.

आरंभी एक अडचण आली. निधीची भिस्त मृत्युपत्रांवर, आणि दाते तर हयात! पैसा येण्यास वर्षे लागणार होती. तोवर हात जोडून बसण्याऐवजी गॉफने ठरवले की, शहराला आपले खरे रूप दाखवावे. दान कोठे द्यावे हे कळण्यासाठी दुखणे कोठे आहे हे आधी कळले पाहिजे. म्हणून प्रतिष्ठानाने शहराच्या पाहण्या सुरू केल्या. १९१५ साली शाळांची पाहणी हाती घेतली गेली. लेनर्ड एअर्स हा शिक्षणाचा नामांकित संख्याशास्त्रज्ञ तिचा प्रमुख होता. अहवाल झाला २५ भागांचा. त्यांतील २३ भाग स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाले आणि दोन सारांशग्रंथ झाले. बहुतेक पुस्तिकांची किंमत २५ सेंट, म्हणजे कोणाही पालकाला परवडेल अशी.

त्या पुस्तिकांच्या नुसत्या नावांवर नजर टाकली तरी माझ्यासारख्या शाळामास्तराचे मन रमते. एकीचा विषय गर्दीने तुडुंब भरलेल्या शाळा, दुसरीचा इमारती आणि सामान, तिसरीचा शाळेतील आरोग्यतपासणी. एक पुस्तिका शिक्षकवर्गाविषयी, एक सार्वजनिक ग्रंथालय आणि शाळा यांच्या संबंधाविषयी, एक शाळेतल्या जेवणाविषयी. परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या, घरी निराळी भाषा बोलणाऱ्या मुलांविषयी स्वतंत्र पुस्तिका होती. शाळा सोडून मुले ज्या उद्योगांत शिरतात त्यांचाही विचार होता: शिवणकाम, छपाई, बांधकाम, धातुकाम, दुकानांतील नोकऱ्या. ‘शाळा काय शिकवतात आणि काय शिकवू शकतील’ अशा अर्थाचे एका पुस्तिकेचे नाव होते. हे नाव आजही कोणत्याही शाळेच्या दारावर लावावे असे आहे! शाळांच्या व्यवस्थापनावर या अहवालात कठोर टीका होती, आणि ती लोकांपुढे उघडपणे आली. दानधर्म करणारी संस्था गोड बोलते, असाच आपला समज असतो. येथे तिने शहराला आरसा दाखवला.

दुसरी मोठी पाहणी न्यायदानाची. १९२० साली शहराच्या नगर न्यायालयाचा मुख्य न्यायाधीशच एका खुनाच्या प्रकरणात सापडला. खुनाच्या आरोपातून तो सुटला, पण पुढे खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. लोक संतापले. प्रतिष्ठानाने रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या हार्वर्ड विद्यापीठातील दोन विख्यात कायदेपंडितांकडे चौकशी सोपवली. फ्रँकफर्टर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पोलीस, सरकारी वकील, न्यायालये, तुरुंग या सर्वांची झडती होती. त्यातील एका प्रकरणात वर्तमानपत्रांची मापेही घेतली होती, आणि तीही अक्षरशः पट्टीने! १९१९ च्या जानेवारीच्या पूर्वार्धात शहरातील वर्तमानपत्रांनी गुन्ह्यांच्या बातम्यांना स्तंभांची ९२५ इंच जागा दिली होती. उत्तरार्धात ती ६,६४२ इंच झाली. प्रत्यक्ष गुन्ह्यांची संख्या मात्र ३४५ वरून ३६३ झाली होती, एवढेच. बातम्या सातपट, गुन्हे जवळपास तेवढेच. भयभीत झालेल्या लोकमताला खूश करण्यासाठी अधिकारी घाईने आणि बेताल वागतात, हे त्या इंचांतून सिद्ध झाले. अन्नछत्र घालणे हे दान खरेच. परंतु अशी मापे घेण्याचा खर्च सोसणे हेही दानच होय, आणि ते करणारे विरळा.

क्लीव्हलंडचे पाहून इतर शहरे पुढे आली. शिकागो आणि बॉस्टन येथे १९१५ मध्ये, न्यूयॉर्क येथे १९२४ मध्ये लोकप्रतिष्ठाने निघाली. कॅनडात पहिले निघाले ते १९२१ साली विनिपेग शहरात. विल्यम ॲलोवे या बँकरने एक लाख डॉलर देऊन त्याची स्थापना केली. पुढे १९२४ साली एक पाकीट आले. त्यात प्रत्येकी पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती आणि सोबतच्या कागदावर ‘विधवेची कवडी’ अशा अर्थाचे शब्द. बायबलमध्ये एका गरीब विधवेची कथा आहे. धनवान दात्यांच्या राशींपुढे तिने टाकलेली दोन क्षुद्र नाणी येशूने श्रेष्ठ मानली. देणाऱ्या स्त्रीने नाव दिले नव्हते. एक लाखाच्या शेजारी हे पंधरा डॉलर जमा झाले, आणि विनिपेगची संस्था या दुसऱ्या देणगीची आठवण पहिलीइतक्याच अभिमानाने सांगते. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगूस तुम्हांस ठाऊक असेल. युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात लोळूनही त्याचे उरलेले अर्धे अंग सोन्याचे झाले नाही. पूर्वी ते अर्धे झाले होते ते एका उपाशी ब्राह्मणकुटुंबाने अतिथीला दिलेल्या शेरभर सातूच्या पिठात. व्हँकूव्हर येथील प्रतिष्ठानाचे बीजही असेच लहान. ॲलिस मॅके या सचिवाचे काम करणाऱ्या स्त्रीने पगारातून साठवलेले १,००० डॉलर बेघर स्त्रियांसाठी दिले. मग शहरातील दहा धनिक कुटुंबांनी प्रत्येकी १०,००० डॉलर घातले आणि १९४३ साली संस्था उभी राहिली.

या निधीचा व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक देणगीचा हिशेब दात्याच्या नावाने वेगळा ठेवतात, पण गुंतवणूक सर्वांची मिळून होते, त्यामुळे लहान देणगीलाही मोठ्या भांडवलाचा लाभ मिळतो. दरवर्षी साधारणपणे शेकडा चार ते पाच एवढी रक्कम वाटतात. उत्पन्न त्याहून अधिक आले तर ते मुद्दलात घालतात, कारण महागाई वाढली की नुसते राखलेले मुद्दलही आतून झिजत असते. कोणी दाता पैसे बिनशर्त देतो. कोणी आरोग्य किंवा शिक्षण असे क्षेत्र सांगतो. कोणी ठरावीक संस्थेचे नाव घालतो. चौथा प्रकार असा, की दाता हयात असेतो आपल्या खात्यातून कोणास द्यावे याचा सल्ला स्वतः देत राहतो. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठानाने तो १९३१ साली सुरू केला. आज तो फार लोकप्रिय आहे, पण माझे मत विचाराल तर त्यात एक धोका आहे. कराची सवलत आज पदरात पडते आणि सल्ला देण्याची घाई नसते. मग पैसा खात्यात विसावतो. मृत हाताऐवजी हा आळसावलेला हात!

आपल्याकडे काय आहे? देण्याची परंपरा निश्चित आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घराघरांतून मूठमूठ धान्य जमले, त्या ‘मुष्टिफंडा’चे नाव महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने न्यासांवर देखरेख ठेवण्यास धर्मादाय आयुक्त नेमला, आणि मूळ हेतू निष्फळ ठरला तर निधी अन्य धर्मादाय कामाकडे वळवण्याची वाटही त्याच कायद्याने ठेवली. ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ ही संस्था १९९० च्या सुमारास मुंबईत लोकप्रतिष्ठानाच्या धर्तीवर निघाली. तरी ही कल्पना आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर रुजली असे म्हणता येत नाही. आपण देतो ते देवळाला, आपल्या गावच्या शाळेला, आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहाला. जेथे आपली ओळख आहे तेथे हात सैल सुटतो. ‘काम कोणते ते तुम्ही पुढे ठरवा, मी पैसे आज देतो’ असे म्हणून अनोळखी माणसांच्या समितीकडे रक्कम सोपवणे याला निराळ्या जातीचा विश्वास लागतो. तो विश्वास कायद्याने निर्माण होत नाही. हिशेब उघडे ठेवून आणि पंक्तिप्रपंच न करता वर्षानुवर्षे तो कमवावा लागतो.

आणि तो कमवणे क्लीव्हलंडलाही सोपे गेले नाही. वंश आणि वर्ण यांचा भेद न पाहता, असे १९१४ च्या ठरावात लिहिले होते. परंतु शहर काही त्या ठरावाप्रमाणे वाढले नाही. दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ठरावीक वस्त्यांतच घरे मिळत. भाडे जबर, घरे पडकी, कामधंदा तुटपुंजा. हफ नावाच्या वस्तीत १९६६ च्या जुलैमध्ये असंतोषाचा भडका उडाला. कित्येक दिवस जाळपोळ चालली आणि चार कृष्णवर्णीय नागरिक प्राणास मुकले. ज्यांच्या नावाने निधी होता त्यांतील किती जण त्याच्या निर्णयात सहभागी होते, हा प्रश्न तेथे टाळता येण्यासारखा नव्हता. पाच सभासदांची समिती कितीही निःस्पृह असो, ज्या गल्लीत सभासद कधी पाऊल ठेवत नाहीत तेथले दुःख त्यांना अहवालातूनच कळावयाचे. पहिल्या पाहण्यांची पुण्याई मोठी होती, तरी पाहणारा आणि पाहिला जाणारा हे अंतर तिने मिटले नव्हते.

त्याच शहराच्या पूर्व भागात विद्यापीठ आणि मोठमोठी रुग्णालये आहेत; त्यांच्या भिंतीला लागून दरिद्री वस्त्या आहेत. ही रुग्णालये कोट्यवधी डॉलरची खरेदी करीत, पण त्यातला पैसा शेजारच्या गल्लीत फारसा जात नसे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रतिष्ठानाने या संस्थांना आणि नगरपालिकेला एकत्र बसवले. रोज निघणारी रुग्णालयांतील मळकी चादर कोठे धुतली जाते, इतक्या साध्या प्रश्नापासून विचार झाला. १९०९ च्या सुमारास गॉफसारख्याला जे सुचणे शक्य नव्हते ते २००९ साली घडले: ‘एव्हरग्रीन’ या नावाने कामगारांच्या मालकीचे सहकारी धुलाईगृह उघडले. ते उघडले ग्लेनव्हिलमध्ये, ज्या गावाचा गॉफ एकेकाळी नगराध्यक्ष होता आणि जे आता शहराचाच भाग झाले आहे. तेथे काम करणारा माणूस ठरावीक मुदतीनंतर भागीदार होऊ शकतो. नफ्यातील त्याचा वाटा त्याच्या नावच्या खात्यात जमा होतो. शिक्षा भोगून तुरुंगातून बाहेर आलेल्यांना सहसा कोणी कामावर घेत नाही. त्यांनाही येथे जागा मिळाली.

प्रतिष्ठानाची कचेरी अनेक वर्षे शहराच्या मध्यभागी, नाट्यगृहांच्या झगमगत्या परिसरात होती. २०२३ साली ती तेथून हलवून हफ वस्तीच्या सीमेवर, युक्लिड रस्त्यावरील नव्या इमारतीत नेण्यात आली. इमारतीचा तळमजला लोकांना खुला आहे. अनुदानाचा अर्ज घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला आता बस पकडावी लागत नाही. तो चालत येऊ शकतो.